बापाकडचं दूध

पौषातल्या त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की स्वप्नालीला गोठा दिसायच्या आधी धारेचा आवाज ऐकू आला. स्कूटी रस्त्याच्या कडेला लावून ती आवाजाच्या मागावर चालत गेली. कडब्याच्या गंजीआड वत्सलाबाई गाईच्या पोटाला डोकं टेकवून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. मांडीत धरलेल्या चरवीत फेस वर वर येत होता.

स्वप्नाली चौसाळ्याची. पशुसंवर्धनाची पदविका घेतल्यावर तिला देवणी गाईंच्या नोंदीचं काम मिळालं होतं. वडवणीत खोली करून ती राहायची आणि महिन्यातून एकदा प्रत्येक गाईच्या दारात जाऊन सकाळचं आणि संध्याकाळचं दूध मोजायची. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा नंबर आणि दुधाचा आकडा वहीत लिहिला की झालं. तिला हे काम आवडायचं. पहाटे वडवणीहून तेलगावच्या रस्त्याला लागलं, की शेतं, विहिरी, झोपडी, माणूस असं सगळं धुक्यातून एकेक करून उगवायचं आणि मागं पडलं की पुन्हा धुक्यात विरून जायचं.

तिनं चरवी काट्याला टांगली. साडेतीन किलोच्या वर. तिला वाटलं काटा चुकला. पुन्हा टांगली. तेवढंच.

“मावशी, हिला काय घालता?”

“काय घालणार? कडबा. बांधावरचं गवत. मंग कधी सरकी, न्हाईतर न्हाईच.”

त्याच वस्तीवरच्या दुसऱ्या देवणी दिवसभरात तीन किलोच्या आसपास थांबायच्या. ही एकटी संध्याकाळ धरून साडेसहापर्यंत जात होती. स्वप्नालीनं गाईकडं नीट पाहिलं. अंग दुधासारखं पांढरं, तोंडाची डावी बाजू काळी आणि उजवी पांढरी. कुणी अर्ध्या तोंडावर रात्र ओढून घ्यावी तशी. धार चालू असताना गाय मान वळवून वत्सलाबाईंचं कोपर चाटत होती.

पुढच्या आठवड्यात दहा कोसांवरच्या एका मळ्यात तिला तेच तोंड दिसलं. तीच काळी डावी बाजू, तेच कोपर चाटणं आणि वहीत जवळजवळ तोच आकडा. मग आणखी एक. मग तेलगावच्या अलीकडं दोन. स्वप्नालीला वाटायला लागलं, की एकच गाय आपल्यापुढं धुक्यातून चाललीय आणि आपण पोचायच्या आत पुढच्या घरच्या खुंट्याला जाऊन उभी राहतीय. झोपेतही तिला ते अर्धं काळं तोंड दिसायचं.

संक्रांतीपर्यंत अशा बारा गाई झाल्या. शिवाय दोन अशा होत्या, की तोंड वेगळं पण दूध तसंच भरपूर. त्यातली एखादी बागायतदाराच्या दारातली, पेंड खाणारी. एखादी वत्सलाबाईंसारखी कडब्यावरची. एका गाईला दूध जास्त असलं तर तिच्या गव्हाणीत काय पडतं ते बघायचं, हे स्वप्नालीला शिकवलेलं होतं. पण चौदा घरं, चौदा गव्हाणी, आणि प्रत्येक ठिकाणी ही गाय शेजारणीपेक्षा दुपटीनं देतीय, तेव्हा ते चाऱ्याचं काम नव्हतं. ते रक्तातलं होतं. आणि आया तर सगळ्यांच्या वेगवेगळ्या होत्या.

“मावशी, हिचा बाप कोण?” तिनं वत्सलाबाईंना विचारलं.

वत्सलाबाई हसल्या. “बाप? आलतं एक वळू. कुठलं म्हाईत न्हाई. आठ दिस ऱ्हायलं, कुणाच्या पिकात त्वांड घातलं न्हाई, कुणाला शिंग लावलं न्हाई. आन एक दिस गेलं निघून. मागच्या मांडीवर तिरसूळ होता डागलेला.”

सगळ्या घरांतून तिला हेच ऐकायला मिळालं. कुठं त्याला पाहुणा म्हणत, कुठं महादेव, तर एका वस्तीवर धोंडीबा. तो कुठून आला आणि कुठं गेला हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

एका दुपारी खोलीत बसून स्वप्नालीनं चौदा गाईंच्या जन्माचे महिने कागदावर उतरवले आणि प्रत्येकापुढं गावाचं नाव लिहिलं. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. सगळ्यात मोठ्या गाई सिरसाळ्याच्या बाजूच्या होत्या. वडवणीकडं यावं तशी वयं कमी होत होती. त्या कागदावर वळूची पावलं उमटली होती. दोन-अडीच वर्षं तो सावकाश मावळतीकडं चालत आला होता, आणि जिथं जिथं थांबला तिथं नऊ महिन्यांनी एक कालवड जन्मली होती.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या पावलांवर उलटी चालत सिरसाळ्याला गेली. त्रिशुळाच्या डागाचं नाव काढताच बाजारातल्या पहिल्याच माणसानं बोट दाखवलं. “शिवलिंगप्पाच्या दुकानात विचारा.”

शिवलिंगप्पांचं किराणा आणि तेलाचं दुकान होतं, मागं घर आणि घरामागं गोठा. ऐंशीच्या घरातले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत हाक मारली, “अगं, तुझ्या वळूचा तपास करत आलीय बघ कुणीतरी.”

दानम्मा पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“जित्ता हाय?” त्यांनी विचारलं.

“ते अजून म्हाईत न्हाई, आजी. पण त्याच्या लेकी हायत. लई हायत.”

दानम्मांनी तिला गोठ्यात नेलं. तिथं एक म्हातारी गाय बसली होती, शिंगं खाली वळलेली, आणि तोंडाची डावी बाजू काळी. महिनाभर धुक्यात जी पुढं पुढं चालत होती, ती इथं बसून रवंथ करत होती.

“ही गंगव्वा. त्याची आई,” दानम्मा म्हणाल्या. “आठ वरसं झाली. ह्यांचं पोट फुगून आंबाजोगाईच्या दवाखान्यात पडले व्हते. डागदरांनी हात टेकले. मी गंगव्वाच्या गळ्याला हात लावून बोलले, ह्ये घरी आले तर तुझा गोऱ्हा वैजनाथाच्या नावानं सोडीन. आले घरी. मंग डाग दिऊन, हळद लावून सोडला. येशीपतुर गेलते मी त्याच्या मागं. त्यानं वळूनसुदिक बघितलं न्हाई.”

“गंगव्वाची आई कोण व्हती?”

दानम्मांनी आठवायलाही वेळ लावला नाही. गंगव्वाची आई निलव्वा, तिची मल्लव्वा, तिची चांदी. चांदी दानम्मांच्या सासूबाईंनी माहेराहून आणलेली. कुणाची कास कशी होती, कोण किती दूध द्यायची, कोण कुठल्या साली गेली, हे त्या अशा सांगत होत्या जणू घरातल्याच बायका.

“आणि बाप?”

“बापाचं कावून लक्षात ठेवायचं? दूध काय बैल देतो?”

स्वप्नाली गव्हाणीच्या कठड्यावर बसली. “आजी, बैल देत न्हाई. पण निम्मं त्याच्याकडनं येतं. गाईचं दूध वाढवणारी एकच गोष्ट रक्तात नसती. हजारो असत्यात, बारीक बारीक. निम्म्या आईकडून येत्यात, निम्म्या बापाकडून. गंगव्वाकडं ज्या व्हत्या त्यातल्या चांगल्या चांगल्या तुमच्या गोऱ्ह्यात उतरल्या असणार. त्याला सोताला त्याचा काय उपेग न्हाई, त्याच्यात त्या नुसत्या झोपून राह्यल्या. लेकींमधी जाग्या झाल्या.”

दानम्मा गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. “झोपून राह्यल्या,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

वळू सापडायला मग वेळ लागला नाही. सगळ्यात लहान कालवडी वडवणीपलीकडच्या डोंगराच्या पायथ्याला होत्या. तिथं राधाकिशन नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर, कडुलिंबाच्या सावलीत तो बसलेला असायचा. चार वर्षांपासून. राधाकिशननं त्याला कधी बांधलं नव्हतं. “सकाळच्याला डोंगरावर जातो, उनाच्या आत खाली येतो. मी पाणी ठिवतो. लई शांत गडी,” तो म्हणाला. स्वप्नाली जवळ गेली तेव्हा वळूनं फक्त कान हलवला. वशिंड एका बाजूला कललं होतं, मांडीवरचा त्रिशूळ वयाबरोबर ताणून रुंद झाला होता. राधाकिशननं त्याची मान खाजवली आणि तेवढ्यात शेपटीचे चार केस मुळासकट उपटले. स्वप्नालीनं ते पाकिटात घातले.

गंगव्वाचे केस, चौदा गाईंचे केस आणि त्याचे केस डीएनए तपासणीला गेले. होळीच्या आधी उत्तर आलं. चौदांपैकी अकरा त्याच्या लेकी होत्या. गंमत अशी, की अर्ध्या काळ्या तोंडाच्या बारांपैकी तिघींचा बाप तो नव्हताच. आणि ज्या दोघींचं तोंड वेगळं होतं, त्या दोघीही त्याच्याच होत्या. तोंडाचा रंग आणि दूध बरोबर चालत नव्हते, आपापल्या वाटेनं जात होते. वत्सलाबाईंची मात्र त्याचीच होती.

गाईंच्या नोंदीच्या प्रकल्पाचे डॉक्टर तो कागद घेऊन वडवणीला आले. असा वळू शोधायला माणसं वर्षानुवर्षं घालवतात, असं ते म्हणाले. वळूला दूध नाही, त्यामुळं त्याची पारख लेकी दुधात आल्यावरच होते, आणि तोवर वळू बहुतेक उरलेला नसतो. हा उरला होता. त्याला चार महिने रेतन केंद्रावर ठेवून वीर्याच्या कांड्या भरून घेतल्या, तर कृत्रिम रेतनानं त्याची वासरं सगळ्या मराठवाड्यात होतील.

“माझा न्हाई तो,” राधाकिशन म्हणाला. “ज्यांनी सोडला त्यांना इचारा.”

सगळे सिरसाळ्याला गेले. दानम्मांनी एका शब्दात सांगितलं. “न्हाई.”

शिवलिंगप्पांनी समजावून पाहिलं. “अगं, चार महिन्यांचा तर सवाल हाय.”

“तुमच्या जिवासाठी दिलाय त्याला. देवाला दिल्यालं परत मागायचं? आन मागून काय करायचं, तर दावणीला बांधायचं?”

शिवलिंगप्पा उठून दुकानात गेले. ज्याच्या बदल्यात तो वळू गेला होता, तोच माणूस आणखी काय बोलणार? डॉक्टरांनी स्वप्नालीला बाजूला घेऊन सांगितलं, की म्हातारीवर जबरदस्ती नको, नको तर नको. स्वप्नाली निघताना दाराशी थांबली.

“आजी, नका दिऊ. पण तुमच्या नाती बघायला तरी चला. तुमी चांदीपासून सगळ्या सांगितल्या. आता पुढच्या म्हाईत नकोत का?”

दानम्मांनी चौकटीला हात टेकवला आणि जरा वेळानं चप्पल शोधायला लागल्या.

त्या दिवसाची स्वप्नालीला पुढं कधीही आठवण झाली, तरी तो दिवस खरंच घडला होता की तिनं स्वप्नात पाहिला होता हे तिला नक्की सांगता यायचं नाही. फाल्गुनाची सकाळ होती. पळस फुलले होते. स्कूटीवर मागं एका अंगाला बसलेल्या दानम्मांनी एक हात तिच्या खांद्यावर ठेवला होता आणि ज्वारीच्या कापलेल्या रानांतून वारा त्यांचा पदर उडवत होता. पहिल्या घरी गेल्यावर दानम्मांनी गाईचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “निलव्वाचे डोळे,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या घरी त्या कासेकडं बघत राहिल्या. तिसऱ्या घरची गाय उधळ्या स्वभावाची निघाली, तिनं त्यांना जवळ येऊ दिलं नाही. “ही मल्लव्वावर गेली. ती अशीच व्हती, भांडकुदळ.” चौथ्या, पाचव्या घरी त्या गाईच्या पाठीवर हात ठेवून नुसत्याच उभ्या राहिल्या. मेलेल्या गाई, सासूबाईंच्या काळातल्या, ज्यांची हाडंही मातीत मिसळली होती, त्या एकेका दारात कान हलवत उभ्या होत्या. कुणाच्या चालीत, कुणाच्या शिंगाच्या बाकात. माणसं चहा पुढं करत होती, आणि दानम्मा तो हातात धरून विसरून जात होत्या.

उन्हं चढल्यावर त्या वत्सलाबाईंच्या वस्तीवर पोचल्या. स्वप्नालीनं ओळख करून दिली, की त्या वळूच्या घरच्या ह्या. वत्सलाबाईंनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग त्या घाईनं आत गेल्या आणि तांब्याभर दूध घेऊन आल्या.

“घ्या आई. तुमचंच हाय.”

“माझं कसं?”

वत्सलाबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. “दरसाली दिवाळी झाली की मी ऊसतोडीला जायची. बावीस सालं गेले. पाचटात पाल टाकून ऱ्हायाचं, पहाटं तीनला उठून फडात. लेक म्हाईराला बाळंतपणाला आली तरी मी हितं नसायची. ही गाय याली आन दोन येळचं दूध डेरीला जायला लागलं. दोन सालं झाली, मी कोयता हातात घेतला न्हाई. औंदा नातू झाला तवा मी घरी व्हते. त्याला न्हाऊ घातलं मी, ह्या हातानं.”

दानम्मांनी त्यांचे हात आपल्या हातात घेतले. उसाच्या पानांनी कापलेल्या जुन्या रेघा त्या तळव्यांवर होत्या. दानम्मा त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. गाय मागून आली आणि तिनं दानम्मांचं कोपर चाटलं.

“चल,” दानम्मा स्वप्नालीला म्हणाल्या. “त्याच्याकडं चल.”

डोंगराच्या पायथ्याला पोचेपर्यंत दुपार कलली होती. वळू लिंबाखाली उभा होता. दानम्मा त्याच्याजवळ एकट्याच गेल्या. त्यानं त्यांना ओळखलं नाही. त्या बोलत होत्या आणि तो डोंगराकडं बघत रवंथ करत होता. त्यांनी मांडीवरच्या डागावर तळहात ठेवला. तो हलला नाही, एवढंच. राधाकिशन आणि स्वप्नाली बांधावर थांबले होते. दानम्मा काय बोलल्या ते त्यांना ऐकू आलं नाही.

परत आल्यावर त्या म्हणाल्या, “तुझ्या डागदरला सांग. मी न्हाई म्हणणारी कोण? सोडला तवाच माझा हक सुटला. पण हो बी मी म्हणत न्हाई. त्याच्या पायानं गाडीत चढला तर न्यावा. दोरी लावायची न्हाई, ढकलायचं न्हाई, वैरणीची लालूच दावायची न्हाई.”

डॉक्टरांना हसू आलं असेल, पण त्यांनी ते दाखवलं नाही. दुसऱ्याच दिवशी टेम्पो आला. ताडपत्रीचं छत, खाली वाळू पसरलेली, मागं उताराची फळी. तो लिंबाच्या शेजारी उभा केला आणि सगळे लांब जाऊन बसले. वळूनं फळीचा वास घेतला, एक पाय ठेवला, काढला आणि डोंगरावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं पायही ठेवला नाही. डॉक्टर परत गेले. चालकाला त्यांनी सांगितलं, की उद्या दुपारपर्यंत थांब आणि ये निघून.

तिसऱ्या दिवशी उन्हाचा भडका होता. लिंबाची पानगळ झाली होती, सावली विरळ पडायला लागली होती. अकराच्या सुमाराला राधाकिशनचा फोन आला.

“ताई, गडी गाडीत बसलाय.”

“कुणी चढवलं?”

“कुणी न्हाई. सावली बघून गेला. वाळूवर पाय दुमडून बसलाय निवांत.”

स्वप्नालीनं सिरसाळ्याला फोन लावला. दानम्मा खूप वेळ हसल्या. “लहानपणी बी असाच व्हता,” त्या म्हणाल्या. “उनाचा ताप सोसायचा न्हाई त्याला.”

केंद्रावर त्याचं रक्त तपासलं, रोग काही निघाला नाही. वयामुळं कांड्या थोड्याच भरल्या. डॉक्टरांनी हजाराची आशा धरली होती, तीनशे ऐंशी चांगल्या निघाल्या. आषाढात त्याला आणून लिंबाखाली सोडलं. पंधरा-वीस दिवस तो नेहमीसारखा डोंगरावर जाऊन येत राहिला. मग एक दिवस उतरला नाही. राधाकिशननं पलीकडच्या वस्त्यांवर विचारलं. एका धनगरानं त्याला बालाघाटाच्या वाटेनं मावळतीकडं जाताना पाहिलं होतं, सावकाश, रस्त्याच्या कडेकडेनं. त्यानंतर कुणी पाहिलं नाही. दानम्मांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. “त्याचं काम चालायचं हाय,” त्या म्हणाल्या.

त्या कांड्यांनी पहिल्या गाई श्रावणात भरवल्या गेल्या. पुढच्या वैशाखात, आंबे उतरायच्या दिवसांत, वडवणीजवळच्या एका मळ्यावरून स्वप्नालीला बोलावणं आलं. ती पोचली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि गाय वासराला चाटत होती. कालवड होती. अंग तांबूस पांढरं, तोंड आईसारखं. त्या वासरात काय उतरलंय, काय वाटेत राहून गेलंय, हे सांगायला अजून चार वर्षं होती. ती मोठी व्हायची, गाभण राहायची, व्यायची, आणि मग एखाद्या सकाळी कुणीतरी चरवी काट्याला टांगायचं.

स्वप्नाली गव्हाणीशेजारी उकिडवी बसली आणि तिनं फोन लावला. सिरसाळ्याला पहिल्या रिंगलाच फोन उचलला गेला.

“झाली का?” दानम्मांनी विचारलं. “कशी हाय?”

“ओली हाय अजून, आजी,” स्वप्नाली म्हणाली. “थांबा. उठतीय बघा.”